लाल पेन्सिलीचं घर

नव्या घराची किल्ली हातात पडली त्या दिवशी मी पर्समध्ये हळदकुंकवाची डबी घेतली होती आणि ह्यांनी खिशात लाल पेन्सिल. मला वाटलं, कुठे खूण-बिण करायला लागेल म्हणून असेल. उंबऱ्यावर हळदकुंकू वाहून मी मान वर केली, तर हे दाराच्या चौकटीवर एक छोटासा गोल काढत होते. गोलाच्या आत रंगाचा एक थेंब वाळून बसला होता, बाजरीच्या दाण्याएवढा. दिसला का, म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही गोल काढलात म्हणून दिसला.

माझे यजमान नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये होते. छापून आलेल्या शीट तपासायच्या, हे त्यांचं काम. नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत तेच केलं. तिथलं काही घरी बोलायचं नाही असा शिरस्ता होता आणि ह्यांनी तो इतका पाळला की मला आजही एवढंच ठाऊक आहे: शाईचा ठिपका जरा इकडचा तिकडे झाला तरी ह्यांच्या नजरेतून सुटत नसे, आणि एक डाग सापडला की ती शीट बाजूला. बाकीचं मी घरातल्या वागण्यावरून ओळखलं. डझनभर केळी घ्यायची तर अर्धी गाडी उलथीपालथी करायचे. शर्ट विकत घेताना आधी उलटा करून शिलाई बघायचे. मला बघायला मनमाडला आले होते, तेव्हा माझ्या हातून पोह्यांची बशी घेतली, आणि लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर एकदा सहज म्हणाले की तुमच्या त्या बशीच्या काठाचा टवका उडालेला होता. मी विचारलं, आणि माझ्यात काय सापडलं होतं? त्यावर नुसते हसले. ते हसणं मला बरीच वर्षं पचलं नव्हतं.

गंमत अशी की याच माणसानं क्वार्टर्समध्ये कधी पेन्सिल हातात घेतली नाही. मी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये लहानाची मोठी झाले आणि लग्न होऊन प्रेसच्या क्वार्टरमध्ये आले. तिथे न्हाणीघराचं दार कधी लागलंच नाही, आम्ही त्याला आतून बादली लावायचो. पावसात स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात गळायचं, तिथे पातेलं ठेवायचं आणि जेवायला बसायचं. सरकारी घर, त्याचे दोष सरकारचे. आपण फक्त राहायचं. घर आपलं झालं आणि चौकटीवरचा बाजरीएवढा थेंबसुद्धा आपलाच झाला.

घर जेल रोडच्या पुढे एका नव्या वसाहतीत, लहानसं, एकमजली. राखेच्या विटांचं बांधकाम. गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. मी म्हणायची, ज्यांच्या धुराकडे बघत जन्म गेला त्यांच्याच राखेत राहायला आलो, चला, हिशेब जुळला. ह्यांना विनोद सुचत नव्हता. ते रोज सकाळी डबा घेऊन कामावर जावं तसे क्वार्टरमधून निघायचे आणि नव्या घरी जाऊन भिंती वाचायचे. खिशात एक गोटी ठेवलेली. ती फरशीवर सोडायची आणि कुठल्या बाजूला घरंगळते ते बघायचं. पंधरवड्यात घराला गोवर आल्यासारखं दिसायला लागलं. बिल्डरचा माणूस यायचा, बिचारा निमूटपणे एक गोल दुरुस्त करायचा, आणि तेवढ्यात त्याच्या ओल्या हाताचे ठसे पडून शेजारी दोन नवे गोल व्हायचे. गच्चीच्या कठड्याला बांधकामावेळची काळी बाहुली अजून लटकत होती. मी ह्यांना म्हटलं, ती बाहेरच्यांची दृष्ट लागू नये म्हणून असते, इथे घरच्या माणसाचीच लागली आहे, त्याला काय बांधू?

वास्तुशांतीचं विचारलं की एकच उत्तर. होईल, पण आधी सगळं क्लीन होऊ दे.

मला थांबायला वेळ नव्हता, कारण आमची लेक पहिलटकरीण होती. ती पुण्याला असते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे मी तिच्या लग्नाच्या आधीपासून मनात धरून बसले होते. क्वार्टर तर आता सोडायलाच हवी होती, निम्मं सामान बांधून झालं होतं. म्हणजे लेकीला यायला एकच घर होतं, आणि ते माझ्या नवऱ्यानं पास केलेलं नव्हतं.

त्यात एका रविवारी ह्यांच्या खात्यातले तिघे जुने सोबती घर बघायला आले. सहकुटुंब, नारळ आणि पेढे घेऊन. नवं घर जगात कोणालाही दाखवावं, पण जन्मभर डाग शोधलेल्या माणसांना दाखवू नये. ही अक्कल मला पेढ्याचा खोका उघडून झाल्यावर आली. आधी सगळे छान छान म्हणाले. मग एकानं खिशातून चष्मा काढला. सिन्नरकडचे एक भाऊ आहेत, फार भला माणूस, ते हॉलच्या मधोमध उकिडवे बसले आणि म्हणाले, "भाऊ, ही एक फरशी बाकीच्यांपेक्षा लय पिवळी हाय." झालं. बघता बघता चौघेही चार भिंतींना लागले. कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना जुने दिवस परत मिळाले होते, इतकंच. हे सुद्धा खुलले. एक पेन्सिल चौघांत फिरत होती. आम्ही बायका चटईवर चिवडा खात बसलो होतो, आणि प्रत्येकीकडे सांगायला काहीतरी होतं. एकीचा नवरा भिजवलेला साबुदाणा निवडतो म्हणे.

मग सिन्नरच्या भाऊंनी हॉलच्या खिडकीकडे बोट केलं. खिडकी अख्खीच एका अंगाला किंचित कलली होती. ही गोष्ट ह्यांच्या नजरेतून सुटली होती. मी ह्यांचा चेहरा पाहिला आणि हातातला चिवडा खाली ठेवला.

पाहुणे गेल्यावर हे जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. मी शेजारी जाऊन बसले. मग म्हणाले, "आपण चुकलो का गं?"

आयुष्यभराची पुंजी त्या घरात ओतली होती, आणि ती ओतणारा माणूस आयुष्यात कधी चुकलेला नव्हता, निदान त्याच्या कामात तरी. मला पहिल्यांदा कळलं की हे घराचे दोष मोजत नव्हते, घाबरले होते. आणि घाबरलेल्या माणसाची मी इतके दिवस टिंगल केली होती.

त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिच्या सासूबाई म्हणत होत्या, इथे खोली तयार आहे, डॉक्टर जवळ आहेत, कशाला प्रवास करतेस. चांगल्याच मनानं म्हणत होत्या. लेक म्हणाली, "आई, घर झालं नसेल तर राहू दे. बाबांना आणखी ताप नको." तिनं इतक्या समजुतीनं सांगितलं की मला रडू आलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

पदरानं डोळे पुसले आणि ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. सांगितलं, पुढचा जो मुहूर्त निघेल त्याला वास्तुशांत. घर पास असो की नापास. माझी लेक तुमच्या गोलांमध्ये झोपेल, पण माहेरी झोपेल. दुसऱ्या दिवशी ह्यांनी गुरुजींना स्वतःच फोन केला.

वास्तुशांतीला नव्या ओट्यावर दूध उतू घातलं. पातेल्यावर साय थरथरली, दूध वर आलं, उतू जाऊन पूर्वेकडे वाहत गेलं. गुरुजी म्हणाले, पूर्वेला गेलं, फार उत्तम. मी डोळे मिटून हात जोडले. तर माझ्या कानाशी हलक्या आवाजात, "ओट्याचा उतार उलटा आहे. हे सिंककडे जायला पाहिजे होतं." मी डोळे न उघडता सांगितलं, गप्प बसा, लक्ष्मी येते आहे. ह्यांचा हात खिशाकडे गेला होता, तो परत आला. नंतर ओटा पुसताना मला इतकं हसू आलं की फडकं बाजूला ठेवून भिंतीला टेकून उभी राहिले. त्या घरातलं ते माझं पहिलं हसणं. ओट्यावरचं पाणी मी आजही हातानं सिंककडे ओढते.

आम्ही राहायला आलो. लेकीसाठी पूर्वेची खोली ठरवली होती. ती येण्याच्या आधी मी तिथल्या भिंती ओल्या फडक्यानं पुसायला घेतल्या, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून वर तिरकी जाणारी एक चीर मला दिसली. केसासारखी बारीक, पण चांगली हातभर लांब. थेंब, पिवळी फरशी, उलटा उतार, हे सगळं ठीक आहे हो. पण भिंतीला चीर? आणि बाजरीएवढा थेंब बघणाऱ्या माणसाला ही दिसली नाही? मला वाटलं, वय झालं ह्यांचं.

सांगायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं. सांगितलं असतं तर हे पुन्हा पायरीवर जाऊन बसले असते, आणि लेक पुण्यालाच राहिली असती. माझं लग्नातलं लोखंडी कपाट रिकामं केलं आणि कामवाल्या बाईला हाताशी घेऊन, फरशीवर गोणपाट टाकून, ते ओढत नेऊन बरोबर त्या चिरेवर लावलं. हे बाजारातून आले. कपाट इकडे कशाला, म्हणाले. मी म्हटलं, तिकडे उन्हानं साड्या विटतात. माझ्याकडे जरा बघत राहिले आणि म्हणाले, "बरं." उन्हाची दिशा कळणाऱ्या माणसानं पूर्वेच्या खोलीत ऊन नाही हे ऐकून घेतलं, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

लेक आली. दारातून आत येताना भिंतींवरचे गोल बघून पोट धरून हसली आणि म्हणाली, बाबांनी घर तपासायला घेतलेलं दिसतंय. मी तिची कॉट कपाटापासून लांब, समोरच्या भिंतीला लावली. वारा चांगला येतो, म्हटलं. ती डाराडूर झोपायची आणि मी रस्त्यावरून जड गाडी गेली की कपाटाकडे बघायची. इतकी वर्षं ह्यांना हसले, आणि आता मीच त्यांच्यासारखी झाले होते. फरक एवढाच की त्यांच्याजवळ पेन्सिल होती आणि माझ्याजवळ तीही नव्हती. सांगायला कोणी नाही म्हणजे काळजी दुप्पट होते. त्यात ह्यांनी नवंच काढलं होतं. अधूनमधून बॅटरी घेऊन त्या खोलीत जायचे आणि कपाटाच्या मागे उजेड पाडायचे. काय बघताय, म्हटलं की पाल आहे, म्हणायचे. मी त्यांना पालीसकट बाहेर काढायची.

मुलगी झाली. सगळं सुखरूप पार पडलं. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि गच्चीवरच्या बाहुलीकडे बघून मनातल्या मनात तिलाही हात जोडले.

बारशाच्या आदल्या दिवशी जावई आले. पाळणा पूर्वेच्या खोलीतच ठेवायचा होता आणि जागा पुरत नव्हती. जावई म्हणाले, कपाट सरकवू या. मी स्वयंपाकघरातून धावत आले. नको, राहू दे तिथेच, पाळणा हॉलमध्ये ठेवा, वाऱ्यावर, कुठेही. जावई गोंधळले. लेक कॉटवर बाळाला घेऊन बसली होती, ती माझ्याकडे बघायला लागली. हे शांतपणे पुढे आले, कपाटाला खांदा लावला आणि मला म्हणाले, सरकवू दे. आता संपलं, म्हणून मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा चीर होती तशीच होती. पण तिच्या वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला लाल पेन्सिलीची एकेक आडवी रेघ होती. इतकी नाजूक की कपाट लावताना मला ती दिसली नव्हती. गोल मात्र नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"किल्ली मिळाली त्याच आठवड्यात दिसली."

"मग गोल का नाही काढलात?"

"गोल काढला असता तर तू लेकीला येऊ दिलं असतंस?"

त्यांनी सांगितलं की गल्लीतल्या एका इंजिनियरला त्यांनी ती केव्हाच दाखवली होती. वरचा गिलावा वाळताना असं होतं, भिंतीला काही नाही, फक्त एक उन्हाळा-पावसाळा नजर ठेवा आणि मग भरून घ्या, असं तो म्हणाला होता. टोकांच्या रेघा त्यासाठी. चीर रेघेच्या पुढे गेली तर काळजी, नाही तर नाही. ती गेलेली नव्हती. पाल कधीच नव्हती. "तू कपाट ओढलंस तेव्हा कळलं, तुलाही दिसली," म्हणाले. "म्हटलं, बरं झालं. आता दोघांपैकी कोणीच बोलणार नाही."

जावई तोंड फिरवून हसत होते. मला राग यायला हवा होता, पण मला त्या माणसाची इतकी माया वाटली की काय सांगू. एकाच चिरेवर दोघांनी इतके दिवस पहारा दिला होता, एकमेकांपासून लपून.

लेक मात्र हसली नाही. तिचा चेहरा उतरला. बाळाला छातीशी धरून ती म्हणाली, "बाबा, म्हणजे तुम्ही आमच्यासाठी बघून न बघितल्यासारखंही करता. मग हिच्या कानाचं का नाही बोललात?"

बाळाच्या डाव्या कानाची वरची कड जराशी आत दुमडलेली होती. ती मी पाहिली होती, लेकीनं पाहिली होती. डॉक्टर म्हणाले होते, काही नाही, ऐकू उत्तम येतंय. पण लेक डॉक्टरांच्या भरवशावर नव्हती. तिच्या बाबांच्या नजरेतून काही सुटत नाही हे ती जन्मापासून ऐकत आली होती, आणि ते इतके दिवस गप्प होते. त्या गप्प बसण्याची तिला भीती वाटत होती, आणि मला वेडीला ते कळलंच नव्हतं.

ह्यांनी चष्मा लावला, बाळाला हातात घेतलं आणि खिडकीपाशी गेले. शीट उजेडात धरून बघत असतील तसं त्यांनी तिला बघितलं, सावकाश. दोन्ही कान, बोटं, टाचा, मानेवरची लव. खोटं त्यांना बोलता येत नाही.

"कड दुमडलेली आहे," म्हणाले. "पहिल्या दिवशीच दिसली."

"मग?" लेकीनं विचारलं.

"मग काय? तुझ्या आईची अजून तशीच आहे. डाव्याच कानाची. मनमाडला पोह्यांची बशी घेताना पाहिली होती मी."

माझा हात आपोआप कानाकडे गेला. केसांखाली, वरच्या बाजूला, बोटाला एक लहानशी घडी लागली. इतकी वर्षं कानात कुड्या घालते, आरशात बघते, मला कधी दिसली नव्हती. लेक उठून माझ्याजवळ आली, माझे केस बाजूला करून बघितले, मग बाळाकडे बघितलं, आणि एकाच वेळी रडायला आणि हसायला लागली. मी ह्यांना म्हटलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीत? ते म्हणाले, सांगण्यासारखं काय होतं त्यात?

मग मी बाळाला न्हाऊमाखू घातलं, झबलं घातलं आणि तीट लावायला काजळाची डबी उघडली. हे म्हणाले, आण इकडे, मी लावतो. जन्मभर काळा ठिपका दिसला की शीट बाजूला ठेवणाऱ्या माणसानं काजळात बोट बुडवलं आणि नातीच्या गोऱ्या गालावर स्वतःच्या हातानं ठिपका लावला. तीट वाकडी लागली आणि एका बाजूनं जरा फिसकटली. मी पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मी पुसायला पदर पुढे केला, तर म्हणाले, "राहू दे. पास आहे."